मोटारींच्या वेगास यांत्रिक लगाम असावा काय ?

घोड्याला लगाम आणि बैलाला वेसण असावी, याविषयीं कोणाचेंहि दुमत नाहीं. परंतु अनेक घोड्यांचें बळ एका लोखंडी पेटींत कोंडून जें वाहन आपण रस्त्यावर आणलें आहे, त्याच्या वेगास लगाम कोणता, असें विचारलें म्हणजे बहुतेक लोक चालकाच्या सद्बुद्धीकडे बोट दाखवितात. तेवढ्यावर विसंबून राहणें योग्य आहे, कीं ठरलेल्या मर्यादेपलीकडे मोटार धांवूंच नये अशी योजना तिच्या यंत्रांत कायद्यानेंच करावी, या वादाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण रोज याच रस्त्यांवरून शाळेंत येतात व त्यांच्या वाटेकडे घरीं आईबापांचे डोळे लागलेले असतात. म्हणून हा वाद त्यांस परका वाटणार नाहीं.

ही कल्पना नवी नाहीं. १७८८ सालीं जेम्स वॉटनें आपल्या वाफेच्या एंजिनास दोन फिरते गोळे जोडले. वेग वाढला कीं ते गोळे फांकून वर चढत व वाफेची वाट आंखडत. वेग उतरला कीं खालीं येऊन ती वाट मोकळी करीत. या साधनास गव्हर्नर असें नांव पडलें. मोटारीलाहि असेंच साधन लावावें, ही मागणी १९२३ सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं झाली. ताशी २५ मैलांपलीकडे मोटार जाऊं नये, अशा अर्जावर सुमारें ४२,००० नागरिकांनीं सह्या केल्या. मोटारींच्या व्यापाऱ्यांनीं विरुद्ध बाजूनें मोठी मोहीम काढली आणि मतदानांत ती सूचना फेंटाळली गेली. शंभर वर्षांपूर्वीं प्रश्न विचारला गेला होता. त्याचें उत्तर मात्र अजून पुरतें मिळालेलें नाहीं.

वेगाचें भय कां बाळगावें, हें पदार्थविज्ञानाचें पुस्तकच सांगतें. वेग दुप्पट झाला तर धांवत्या वस्तूची ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारें अंतरहि जवळजवळ चौपट होतें. शिवाय संकट दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार त्या एका सेकंदांत ११ मीटर पुढें जाते, ताशी ८० किलोमीटर वेगाची २२ मीटर. चेंडूमागें धांवलेलें मूल त्या अंतराच्या आंत असेल, तर चालक कितीहि कुशल असो, ब्रेक लागण्यापूर्वींच मोटार त्याच्यापर्यंत पोहोंचलेली असते. २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं; सरकारी अहवालाप्रमाणें त्यांपैकीं शेंकडा ७१ मृत्यूंच्या मुळाशीं अतिवेग होता.

आपल्या देशांत या लगामाचें तत्त्व कायद्यानें अर्धें मान्य केलेलेंच आहे. भाड्यानें चालणाऱ्या बहुतेक नव्या अवजड वाहनांस २०१५ सालापासून ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक सक्तीचा झाला; शाळेच्या बसला तर मर्यादा याहूनहि कमी. घरच्या मोटारीस मात्र केवळ इशारा पुरे समजला गेला. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ताशी ८० किलोमीटरपलीकडे थांबून थांबून व १२० पलीकडे अखंड घंटा वाजते. पण घंटा हा उपदेश झाला, लगाम नव्हे. ज्या बसमधून आमचीं मुलें जातात तिच्या अनुभवी चालकावर कायद्यानें विश्वास टाकला नाहीं, आणि तिच्या शेजारून मोटार उडवीत जाणाऱ्या हौशी गृहस्थावर मात्र टाकला, ही विसंगति कोणत्या न्यायांत बसते ?

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें पाहूं. पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. परंतु मर्यादेपलीकडे जाण्याचें स्वातंत्र्य कायद्यानें कोणासहि दिलेलें नाहीं; जें मुळांत दिलेलेंच नाहीं, तें यंत्र कसें हिरावून घेईल ? दुसरा आक्षेप असा कीं, पुढील ट्रक ओलांडतांना एकदम वेग लागतो आणि तेथें लगाम घातक होईल. यावर युरोपीय संघानें तोड काढली आहे. तेथें ७ जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत असें साधन असावें लागतें कीं, तें कॅमेऱ्यानें फलक वाचून किंवा नकाशावरून मर्यादा ओळखतें व चालकास सावध करतें अथवा वेग आवरूं लागतें; चालकानें पाय जोरानें दाबला तर तें माघार घेतें. वास्तविक, मर्यादा मोडल्याशिवाय जें वाहन ओलांडतां येत नाहीं, तें ओलांडण्याची घाई न करणें हेंच शहाणपण होय.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे कित्येक फलक झाडांआड किंवा जाहिरातींमागें लपलेले असतात. त्यांवर विसंबणारें यंत्र फसेल. हें खरें आहे. म्हणून हें काम दोन पायऱ्यांनीं व्हावें. पहिली पायरी सोपी : देशांतील कोणत्याहि रस्त्यावर जो वेग कायदेशीर नाहीं, तो कोणत्याहि नव्या खाजगी मोटारीस गांठतांच येऊं नये. समृद्धि महामार्गावरहि मोटारींस ताशी १२० हीच कमाल मर्यादा आहे; मग वेगमापकावर २०० चा आंकडा कशासाठीं ? अर्थात् एवढ्यानें शाळेसमोरच्या गल्लींतील मूल वांचणार नाहीं. तेथें ६० चा वेगहि प्राणघातक ठरतो. म्हणून दुसरी पायरी आवश्यक आहे. सरकारनें फलक व नकाशे नीट करावे, आणि ते होतांच युरोपांतल्याप्रमाणें जागेनुसार वेग आवरणारें साधन सक्तीचें करावें. बसविलेलें यंत्र चालू आहे किंवा नाहीं याची वार्षिक तपासणीहि हवी. नाहींतर तें शोभेची वस्तु होऊन बसेल.

चौथा आक्षेप शिक्षकांच्या तोंडीं शोभणारा आहे : बाहेरच्या बंधनानें आत्मसंयम लोपतो. पण पाऊस, धुकें, गर्दी, वळण यांत किती सावकाश जावें, हें कोणतेंहि यंत्र ठरवीत नाहीं. तेथें चालकाचा विवेकच लागतो व पुढेंहि लागेल. मनुष्य थकतो, चिडतो, मित्रांच्या आग्रहास भुलतो. अशा क्षणीं त्याचा तोल सुटला तरी दुसऱ्याचें मूल वांचावें, एवढेंच या यंत्राचें काम आहे.

कायदा होण्याची वाट मात्र आपण पाहूं नये. आजहि कांहीं मोटारींत चालकाला स्वतःच कमाल वेग ठरवून ठेवण्याची सोय असते. नवी मोटार घेतांना पालकांनीं तिचा रंग व किंमत विचारतात त्याचबरोबर ही सोय आहे काय, हेंहि विचारावें. आणि असेल तर ती वापरावी. विद्यार्थ्यांनींहि वडील किंवा थोरले बंधु मोटार हांकीत असतां वेगमापकाकडे पाहून नम्रपणें त्यांस आठवण द्यावी. दुकानांतून अशी मागणी वाढली, तर कारखानदार व कायदे करणारे दोघेहि तिची दखल घेतील, असें आम्हांस वाटतें.