काळ्या कागदाखालचे पान

आमच्या प्रयोगवहीत अनुमान बहुधा प्रयोगाआधीच लिहिलेले असते. कुंडीतील रोपाचे एक पान काळ्या कागदाने झाकावे, उन्हात ठेवावे, मग त्याचा हिरवा रंग काढून आयोडीन टाकावे. ते निळेकाळे झाले नाही, 'म्हणून पिष्ट तयार होण्यास प्रकाश लागतो.' परंतु कागदाने प्रकाशच तेवढा अडला काय? हवाही अडली असेल!

इटलीतील वैद्य फ्रांचेस्को रेदी याचा 1668 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे आठवतो. अळ्या नासक्या मांसातूनच उपजतात, असा तेव्हाचा समज. रेदीचे गृहीतक असे की, त्या माश्यांपासून होतात. त्याने काही भांडी उघडी ठेविली, काही बंद केली. बंद भांड्यांत अळ्या झाल्या नाहीत. तथापि माशीबरोबर हवाही बाहेर राहिली होती. एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या होत्या. म्हणून त्याने पुन्हा प्रयोग मांडिला व भांड्यांवर तलम जाळी बांधिली. हवा आत गेली, माशी गेली नाही. मांसात अळ्या झाल्या नाहीत.

आम्हांसही दुसऱ्या पानास तसाच, पण पारदर्शक कागद लावता येईल. खर्च तो किती! अडचण निराळीच आहे. रोप आधी अंधारात ठेवण्यास कोणी विसरला, की झाकलेले पानही निळेकाळे होते. मग तो शेजाऱ्याची वही पाहून निरीक्षण 'सुधारतो'. गुण मिळतात, चूक मात्र सापडत नाही. जे दिसले तेच लिहून त्याचे कारण शोधणाऱ्यास पूर्ण गुण मिळावेत, असे आमचे मत आहे. येत्या प्रात्यक्षिक परीक्षेत गुरुजनांनी एवढे करून पाहावे.