घरगुती आरोग्य : खलांत गेलेली गोळी

गेल्या श्रावणांत कल्याणास पारनाक्याजवळ एका परिचितांच्या घरीं जाण्याचा योग आला. घरांतील वडील मंडळींपैकीं आजोबा ऐंशीच्या पुढें गेलेले, बुद्धि तल्लख, पण गोळी गिळण्याचें त्यांना भारी वावडें. घशांत अडकेल अशी भीति एकदां मनांत बसली ती बसलीच. तेव्हां सूनबाईंनीं एक युक्ति काढली. आजोबांचे वडील वैद्यकी करीत. त्यांचा दगडी खल अद्याप माजघरांत होता. सकाळची रक्तदाबाची गोळी त्या खलांत घालावी, बारीक वाटावी व मधांत कालवून चाटण द्यावें, असा क्रम सुरू झाला. सासऱ्यांची सोय झाली आणि पूर्वजांचा खलही कामीं आला, म्हणून सर्वांस समाधान वाटलें.

चौथ्या-पांचव्या दिवशीं आजोबा दहाच्या सुमारास देवघरांतून उठतांना भोवळ येऊन पडले. नाडी मंद, हातपाय गार. दैव बरें म्हणून हाड मोडलें नाहीं. घरांत एकच गलका झाला, कीं हें नवें औषधच घातकी. डॉक्टर आले. त्यांनीं औषधाचें नांव विचारण्यापूर्वीं "गोळी देतां कशी?" एवढेंच विचारलें. खल पुढें आणून दाखविण्यांत आला, आणि उलगडा झाला. ती गोळी दिवसभर थोडें थोडें औषध सोडणारी होती. वाटल्यामुळें चोवीस तासांचा शिधा एकदम रक्तांत उतरला होता.

यांत सूनबाईंचा दोष काढणें मला अन्यायाचें वाटतें. आपल्या परंपरेंत औषध वाटणें हें औषध बिघडविणें नसून घडविणें असे. चूर्णाला वनस्पतीच्या रसाची भावना द्यावयाची म्हणजे तें रसांत भिजवून सुकेपर्यंत खलावयाचें, पुन्हां रस, पुन्हां खल. कधीं सात वेळां, कधीं त्याहून अधिक. वैद्याचा पोर खलाच्या आवाजांतच लहानाचा मोठा होई. ज्या घरांत मात्रा उगाळून चाटविण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालली, तेथें कारखान्यांत तयार झालेली गोळीही खलांत जावी यांत नवल कसलें? परंतु ही गोळी कारखान्यांतून येते ती घडून, संपूर्ण होऊनच येते. तिचें घडणें काय आहे तें आज पाहूं.

गोळी म्हणजे औषधाचा खडा, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः कित्येक गोळ्यांत औषध नांवालाच असतें. गलग्रंथीच्या विकारावर अनेक भगिनी जी गोळी रोज घेतात, तिच्यांत ५० मायक्रोग्रॅम औषध असलें तर तो एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग झाला. एवढा कण चिमटींत धरतां येणार नाहीं, डोळ्यांस दिसणें कठीण. तो हातीं देतां यावा म्हणून दुग्धशर्करा, पिष्ठ, वनस्पतींतील तंतुद्रव्याची पूड असे निरुपद्रवी पदार्थ मिसळून गोळीचा आकार भरून काढतात. हें मिसळणें कसोशीचें काम आहे. एका गोळींत दुप्पट व दुसरींत शून्य असें होऊन कसें चालेल?

मग येतें तें काम कोणत्याही गृहिणीस सहज समजेल. बेसन डावानें ओतूं लागलों तर तें गचके देत पडतें. रवा मात्र सरसर ओततो. यंत्राच्या साच्यांतही हीच अडचण येते. म्हणून औषधाच्या मिश्रणांत पिष्ठाची शिजविलेली खळ घालून तें मळतात, चाळणीवर घासून त्याचा रवा पाडतात आणि वाळवितात. त्या रव्यांत थोडें मॅग्नेशियम स्टिअरेट मिसळलें म्हणजे तो साच्यास चिकटत नाहीं. आपण वड्या थापण्यापूर्वीं ताटास तुपाचा हात लावतों, तसेंच हें. शेवटीं दोन ठोकळ्यांच्या मध्यें दाब देऊन गोळी पाडतात. चूर्ण दाबून गोळी करण्याचें पेटंट विल्यम ब्रॉकेडन या इंग्रज गृहस्थानें १८४३ सालीं घेतलें. तो मूळचा चित्रकार. पेन्सिलीकरितां शिशाची भुकटी दाबून घट्ट करण्याच्या खटपटींतून त्यास ही कल्पना सुचली.

गोळी घट्ट हवी, नाहींतर डबींतच तिचा भुगा होईल. आणि पोटांत गेल्यावर ती फुटलीही पाहिजे. या दोन परस्परविरोधी मागण्या पुऱ्या करण्यांतच औषधनिर्मात्याचें कसब आहे. त्यासाठीं पाणी लागतांच फुगणारें द्रव्य गोळींत घालून ठेवलेलें असतें. साधी, आवरण नसलेली गोळी शरीराइतक्या उष्ण पाण्यांत पंधरा मिनिटांच्या आंत विरली पाहिजे, अशी अधिकृत कसोटी आहे.

भरतीच्या द्रव्यांस आपण निरुपद्रवी म्हटलें खरें, पण तीं निष्क्रिय असतात असें मात्र नव्हे. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं १९६८ च्या सुमारास अपस्माराचे रोगी एकाएकीं विषबाधेच्या लक्षणांनीं आजारी पडूं लागले. औषध तेंच, प्रमाण तेंच. शोध घेतां असें आढळलें कीं, फेनिटॉइन या औषधाच्या कॅप्सूलमधील भरतीचें द्रव्य बदललें होतें. कॅल्शियम सल्फेटच्या जागीं दुग्धशर्करा आली होती. तेवढ्यानें पूर्वीपेक्षां अधिक औषध रक्तांत उतरूं लागलें. मला तर हें उदाहरण दहा व्याख्यानांहून बोलकें वाटतें.

आतां आवरणांकडे वळूं. कांहीं गोळ्यांस कडू चव झांकण्यापुरतें आवरण असतें; तें फुटलें तर तोंड कडू होण्यापलीकडे फारसें बिघडत नाहीं. दुसरें आवरण जठरांतील आम्लांत न विरघळतां आंतड्यांत गेल्यावर विरघळतें. आम्लपित्तावरील पँटोप्राझोल जठराच्या आम्लानेंच नष्ट होतें, म्हणून त्यास हें चिलखत लागतें. ती गोळी वाटली कीं औषध वाया. आवरणाची ॲस्पिरिनही वाटूं नये; तिचें आवरण मात्र जठराच्या रक्षणासाठीं असतें. तिसरा प्रकार आमच्या आजोबांच्या गोळीचा. तिच्यांत औषध अशा द्रव्यांत गुंफलेलें असतें कीं, पाणी लागतांच भोंवतीं बुळबुळीत थर जमतो व त्यांतून औषध तासातासानें झिरपतें. मधुमेहावरील अशा गोळीचें रिकामें टरफल कधीं कधीं शौचांतून जसेंच्या तसें पडतें. "गोळी पचलीच नाहीं!" म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं, औषध कामावर गेलें, उरलें तें घर.

अशा गोळ्यांच्या नांवापुढें बहुधा एस.आर., एक्स.आर., ई.आर. किंवा सी.आर. हीं अक्षरें असतात, आणि तीं इतकीं बारीक छापलेलीं असतात कीं वृद्धांस भिंगाशिवाय वाचतां येऊं नयेत. ज्या अक्षरांवर माणसाचें उभें राहणें अवलंबून, तीं नांवाइतकीं ठळक छापावयास काय हरकत असावी? यांपैकीं कांहीं गोळ्या मध्यें रेघ असल्यास त्या रेघेवर अर्ध्या करतां येतात, पण वाटतां येत नाहींत. कांहीं तर अर्ध्याही करूं नयेत. हें प्रत्येक गोळीपुरतें औषधविक्रेत्यास विचारावें.

कॅप्सूलसंबंधीं एक गोष्ट शाकाहारी घरांस ठाऊक असावी. तिचें नेहमींचें कवच जिलेटिनचें, म्हणजे जनावरांच्या हाडांपासून किंवा कातड्यापासून काढलेल्या द्रव्याचें असतें. वनस्पतिजन्य कवचेंही निघालीं आहेत. ज्यांस विधिनिषेध असेल त्यांनीं डॉक्टरांस तसें स्पष्ट सांगावें. गुपचूप कवच उघडून आंतील कण दुधांत ढवळून घेऊं नयेत, कारण त्या कणांवरही पुष्कळदां आवरण असतें.

मलमांची कथा थोडी निराळी. तेथें वाटण्याचा प्रश्न नाहीं, पण रूपाचा आहेच. आमच्याकडे शतधौत घृत करीत. तांब्याच्या परातींत तूप घेऊन गार पाणी घालावें, तळहातानें फेंसावें, पाणी ओतून टाकावें. असें शंभर वेळां. अखेर तुपाचा वास जाऊन तें लोण्यासारखें पांढरें, मऊ होतें, कारण पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब त्यांत अडकून राहतात. कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेस तें फार सुख देतें. ताज्या भाजल्यावर मात्र तूप वा मलम कांहींच लावूं नये. वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं धरावें. शतधौत घृतांत तेलकट पदार्थाच्या पोटांत पाणी असतें. उलट व्हॅनिशिंग क्रीममध्यें पाण्याच्या पोटांत तेलकट पदार्थ असतो, म्हणून तें त्वचेंत जिरल्यासारखें वाटतें व धुतांच जातें. सामान्यतः ओलसर चिघळलेल्या जागेस क्रीम आणि कोरड्या खपलीस चिकट मलम, अशी डॉक्टरांची निवड असते. औषध एकच असलें तरी एकाच्या जागीं दुसरें लावणें बरोबर नव्हे.

रूपापायीं केवढा वाद माजूं शकतो याचें उदाहरण आपल्या डोंबिवलीशीं निगडित आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं मुंबईंत स्थापन केलेल्या विको कंपनीचा एक कारखाना डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत आहे. घरोघरच्या हळदीस या कंपनीनें नळींतून निघणाऱ्या क्रीमचें रूप दिलें. १९७८ पासून सरकारच्या अबकारी खात्याशीं तिचा वाद चालला : हें औषध कीं सौंदर्यप्रसाधन? दिसावयास तें शृंगाराच्या मेजावरील वस्तूसारखें, द्रव्य मात्र आयुर्वेदांतलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि तें आयुर्वेदिक औषधच ठरलें. आजीनें हळद उगाळून लावली असती तर हा प्रश्न कोणाच्या स्वप्नांतही आला नसता!

मलम किती लावावें याचें एक सोपें माप आहे. नळींतून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, पेराएवढी रेघ काढावी. तें सुमारें अर्धा ग्रॅम होतें, आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेस पुरतें.

जातां जातां आपल्या हवेविषयीं. ठाण्याची खाडी आणि कल्याणची उल्हास नदी पावसाळ्यांत घरांतील भिंतींनाही घाम आणतात. गोळ्या पाकिटांतून काढून एकत्र डबींत भरण्याची हौस निदान त्या चार महिन्यांत तरी आवरावी. ॲस्पिरिनच्या गोळींत दमट हवा शिरली कीं तिचें विघटन होऊन शिरक्याचा वास येऊं लागतो. तसा वास आल्यास ती टाकून द्यावी. औषधें चुलीवरच्या फळीवर किंवा न्हाणीघरांत ठेवण्याची चाल तर पूर्ण सोडावी. बरोबर आलेली ओलावा शोषणारी पुडी मुलांच्या हातीं जाऊं देऊं नये.

कल्याणचे आजोबा आठवड्यांत हिंडूंफिरूं लागले. डॉक्टरांनीं त्यांची गोळी बदलून दिवसांतून दोनदां घ्यावयाची साधी गोळी दिली. ती वाटली तरी चालते. सूनबाईंनीं घरांतल्या प्रत्येकाच्या औषधांची पाकिटें औषधविक्रेत्याकडे नेऊन एकेकाची चौकशी केली व त्यांवर शाईनें मराठींत लिहून ठेवलें आहे. कांहींवर "खल", कांहींवर "खल नको".