‘पिकू’ : रोजमेळात राहून गेलेली नोंद

माळशिरसच्या बाजारपेठेत आयुष्यभर किराणा दुकान चालविलेल्या एका गृहस्थांनी ‘पिकू’ हा हिंदी चित्रपट अलीकडेच प्रथम पाहिला. त्यांचे वय ७४. पत्नीच्या निधनाला चार वर्षे झाली. दुकान आता पुतण्या सांभाळतो. एकुलती एक मुलगी पुण्यात सनदी लेखापाल आहे. दर पंधरा दिवसांनी ती शनिवारी माळशिरसला येते, वडिलांना अकलूजला डॉक्टरांकडे नेऊन आणते, औषधांची डबी भरून ठेवते आणि रविवारी दुपारी परत फिरते. अशाच एका शनिवारी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून बाप-लेक टीव्हीसमोर बसले. चित्रपट मुलीने निवडला होता. त्याचा विषय मात्र तिने सांगितला नव्हता.

शुजित सरकार दिग्दर्शित आणि जुही चतुर्वेदी लिखित हा चित्रपट ८ मे २०१५ रोजी प्रदर्शित झाला. सत्तरीचे भास्कर बॅनर्जी (अमिताभ बच्चन) आणि त्यांची वास्तुविशारद कन्या पिकू (दीपिका पदुकोण) दिल्लीत राहतात. बॅनर्जींना बद्धकोष्ठाचा जुना विकार आहे, आणि त्याहून जुना विकार म्हणजे त्याविषयी सर्वांना, वेळीअवेळी, सविस्तर सांगण्याचा! कोलकात्यातील वडिलोपार्जित घराच्या विक्रीचा प्रश्न निघतो आणि मंडळी मोटारीने निघतात. टपावर बांधलेली शौचाची खुर्ची, सोबत नोकर, आणि गाडी चालवायला एकही चालक तयार नसल्यामुळे स्वतः चाकामागे बसलेला टॅक्सी कंपनीचा मालक राणा (इरफान खान). सुमारे १५०० किलोमीटरच्या त्या वाटेवर फारसे काही घडत नाही. माणसे एकमेकांशी भांडतात, थांबतात, खातात, आणि पुन्हा भांडतात.

पहिला अर्धा तास अण्णा मनमुराद हसले. तक्रारखोर म्हातारा पाहून त्यांना गल्लीतील दोन-तीन परिचित आठवले. पुढे हसणे हळूहळू कमी झाले. डॉक्टरांचा अहवाल निर्दोष आल्यावर खट्टू होणारे बॅनर्जी, मुलीच्या लग्नाचा विषय निघताच त्यात खोडा घालणारे बॅनर्जी, ती कामात असताना दूरध्वनीवरून प्रकृतीचा वृत्तांत कळविणारे बॅनर्जी. हा चेहरा गल्लीतल्या कोणाचा नाही, हे त्यांच्या ध्यानात येऊ लागले असावे. मुलगी मात्र पडद्याकडेच पाहत राहिली.

या चित्रपटाचे मोठेपण असे, की तो कोणालाही खलनायक ठरवीत नाही. पिकू आदर्श कन्या नाही. ती चिडते, ओरडते, चालकांना धारेवर धरते. परंतु वडिलांना टाकण्याचा विचार तिच्या मनाला शिवत नाही. बॅनर्जीही दुष्ट नाहीत. त्यांना मृत्यूची भीती वाटते, आणि त्या भीतीपोटी त्यांनी मुलीचे अवघे आयुष्य आपल्या प्रकृतीभोवती बांधून टाकले आहे. ही गोष्ट त्यांना तोंडावर सांगतो तो राणा. घरातील कोणाला जे बोलता येत नाही, ते दोन दिवसांचा सहप्रवासी बोलून जातो. इरफान खान यांनी ही भूमिका आवाज न चढवता, केवळ कंटाळलेल्या नजरेने आणि थांबून थांबून बोलण्याने उभी केली आहे. अमिताभ बच्चन यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्या अभिनयाला धार येते ती समोर असा अभिनेता असल्यामुळे.

कोलकात्यात पोचल्यावर बॅनर्जी एके दिवशी कोणालाही न सांगता सायकल काढतात, जुन्या रस्त्यांवरून मनसोक्त भटकतात, रस्त्यावर उभे राहून खातात. घरची मंडळी हवालदिल होतात. त्यानंतर लवकरच झोपेतच त्यांना शांतपणे मरण येते. पिकू घर विकत नाही. आयुष्यभर ज्याने प्रत्येक गोष्टीसाठी मुलीला हाक मारली, त्याने अखेरची फेरी मात्र एकट्याने, स्वतःच्या पायांनी मारली. चित्रपटातील सर्वांत समाधानाचा दिवस तोच.

माळशिरसकरांना प्रवासाचे अप्रूप नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दर आषाढीला याच गावावरून वेळापूरकडे जाते. परंतु अलीकडे त्याच रस्त्यावर दुसरीही एक वारी सुरू झाली आहे. पुण्यात स्थिरावलेली मुले-मुली फलटण, नातेपुते मागे टाकीत शनिवारी गावाकडे येतात आणि रविवारी परततात. व्यापारी घराण्यांत पै-पैचा हिशेब असतो; या फेऱ्यांचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. वडीलधाऱ्यांची सेवा ही जमेची बाजू म्हणून सर्वत्र गौरविली जाते. ती करणाऱ्याच्या खाती काय खर्च पडले, ते पान कोरेच राहते.

चित्रपट संपल्यावर अण्णा काहीच बोलले नाहीत. रोजच्या सवयीने त्यांनी आपला रोजमेळ उघडला. दुकान सुटले तरी ती वही सुटलेली नाही. आता तीत रक्तदाब, साखर आणि औषधांचे पैसे मांडले जातात. त्यांनी मागची पाने चाळून अकलूजच्या तारखा मोजल्या आणि विचारले,

“या वर्षात तू किती वेळा आलीस, ठाऊक आहे?”

“मोजलं नाही, अण्णा.”

“मीही मोजलं नव्हतं. एकवीस वेळा.”

त्यांनी तो आकडा वहीत लिहिला. मग म्हणाले, “पुढच्या खेपेला अकलूजला मी पुतण्याबरोबर जाऊन येईन. तू येऊ नकोस. झोप काढ.”

मुलीने हो-ना काहीच केले नाही. परंतु ठरल्या शनिवारी ती पुण्यातच राहिली. दुपारी अण्णांचा फोन आला. रक्तदाब ठीक होता, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. आणि ती जेवली की नाही, हे दोनदा विचारले.