‘सर्व्हर डाऊन’चं एक न दिसणारं कारण : रीस्टार्टनं वेळ निभते, दुखणं जात नाही

सातारा / सांगली : दाखला असो, सातबारा असो की रेशनचा अंगठा; ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य दोन्ही जिल्ह्यांत कुणाला नवीन नाही. जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या टोकाच्या गावातून आलेल्या माणसाला हा ‘उद्या’ महागात पडतो. एसटीचं भाडं जातं आणि दिवसाचा रोजगारही बुडतो.

सर्व्हर बंद पडायची कारणं अनेक आहेत. वीज जाते, नेट तुटतं, शेवटच्या तारखेला झुंबड उडते. पण गर्दी नाही, नेटही आहे, तरी यंत्रणा दिवसेंदिवस जड होत जाते आणि रीस्टार्ट केली की पुन्हा पळते. असं वारंवार होत असेल तर संशय ‘मेमरी लीक’वर घ्यावा लागतो.

भांडी नेली, परत आलीच नाहीत

नाव ‘लीक’ असलं तरी इथं काही गळत नाही. देवळातली सामाईक भांडी लग्नाला नेतात आणि घासून परत ठेवतात. प्रत्येक घरानं एखादं पातेलं परत करायचं विसरलं, तर वर्षभरात भांडीघर रिकामं होतं. सर्व्हरमधला प्रोग्रामही प्रत्येक अर्जासाठी थोडी मेमरी घेतो. काम झाल्यावर ती परत द्यायची असते. प्रोग्राममध्ये चूक असेल तर ती अडकून राहते.

मेमरी संपत आली की मशीन डिस्कवर भागवायला लागतं. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी हळू असते, म्हणून स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. युनिक्स आणि त्याच्या घराण्यातली लिनक्स या प्रणाली वर्षानुवर्षं न थांबता चालायला बनलेल्या आहेत. पण वरचा प्रोग्रामच चुकत असेल तर त्याही हतबल होतात. अगदीच गळ्याशी आलं की लिनक्स एखादा मोठा प्रोग्राम स्वतःच बंद करते. तो नेमका नोंदी सांभाळणारा निघाला, तर सगळंच काम थांबतं.

लंडनमध्ये हेच घडलं. ४ नोव्हेंबर १९९२ रोजी तिथल्या रुग्णवाहिका सेवेची संगणक यंत्रणा कोसळली. प्रत्येक गाडी रवाना करताना थोडी मेमरी अडकत होती. तीन आठवड्यांत ती संपली. राखीव सर्व्हरही वेळेला कामी आला नाही आणि कर्मचारी कागदावर परतले. ऑक्टोबर २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेलाही मेमरी लीकचा फटका बसला. म्हणजे दुखणं फक्त जुन्या मशीनचं नाही.

जुन्या सर्व्हरवर मात्र ते जास्त छळतं. मेमरी आधीच तोकडी असते, सुटे भाग मिळत नाहीत, प्रोग्राम लिहिणारा कधीच निघून गेलेला असतो. मेमरी वाढवली तरी बंद पडायचा दिवस फक्त पुढं ढकलला जातो.

मग करायचं काय?

दुरुस्ती होईपर्यंत जगभर वापरात असलेले उपाय साधे आहेत. कुठला प्रोग्राम किती मेमरी खातोय याची रोज नोंद ठेवायची. त्याला मर्यादा घालायची. रात्री, कामकाज नसताना, तेवढाच प्रोग्राम ठरवून रीस्टार्ट करायचा. दोन सर्व्हर असतील तर आळीपाळीनं. रात्रीची ठरलेली पाच मिनिटं ही भर दुपारच्या दोन तासांपेक्षा कधीही स्वस्त. खरा इलाज मात्र प्रोग्राममधली चूक शोधून काढणं हाच. रीस्टार्टनं भागतंय म्हणून तो टाळला, की तेच दुखणं परत उभं राहतं.

गावकऱ्यांसाठी मुद्दा वेगळाच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नं अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. पण ही मुदत रीतसर अर्ज दाखल झाल्यावरच मोजली जाते. सर्व्हर बंद, म्हणून अर्ज नाही. अर्ज नाही, म्हणून पोच नाही. पोच नाही, म्हणून उशीरही नाही! हेलपाटे माणसाचे होतात आणि कागदावर सगळं वेळेत दिसतं.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी भांडून सर्व्हर सुरू होत नाही; तोही त्याच चक्राकडं बघत बसलेला असतो. मागणी करायची तर ती अशी हवी : सर्व्हर बंद असेल त्या दिवशी कागदावर अर्ज घ्या, तारखेची पोच द्या आणि यंत्रणा किती तास बंद होती ते फलकावर लिहा. बंद तासांची नोंद राहिली, तरच दुखणं वरपर्यंत दिसेल.