मंडईतलं गॉथिक, हेडफोनमधलं गॉथिक

गॉथिक रॉक म्हणजे रडगाणं, असं मित्रमंडळी म्हणतात. मला पटत नाही. आपली मंडईही गॉथिकच की! इंग्रजांच्या काळातली दगडी इमारत, वर टोकदार मनोरा. पण तिच्या कमानींखाली कुणी घाबरत नाही. भेंडीच्या भावावरून घासाघीस करतं.

सिस्टर्स ऑफ मर्सीचा १९८५चा 'फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज' ऐका. ड्रमर माणूस नाहीच, यंत्र आहे. त्याला 'डॉक्टर अ‍ॅव्हलांच' असं नावही दिलंय (आम्ही सर्व्हरला देतो तसंच). ते न थकता ठोकत राहतं, बास त्याला धरून चालतो, गिटार दगडी भिंतींत घुमावी तशी घुमते आणि तळाशी अँड्र्यू एल्ड्रिचचा खर्ज. गाणं उदास, पण पाय ठेका धरतातच! क्युअरचा 'डिसइंटिग्रेशन' (१९८९) मात्र निवांत, रात्री, एकट्यानेच ऐकावा.