तिकिटे मोजू नका, वाचा!

'माझ्याजवळ पाचशे टपाल तिकिटे आहेत,' असे कोणी सांगितले, की आपल्याला त्याचे कौतुक वाटते. पण मला विचाराल, तर तिकिटे किती जमवली यापेक्षा किती वाचली, हे महत्त्वाचे आहे.

तुमच्याजवळ तीन लिप्या आहेत. तुम्हांला उर्दू येते, म्हणून इजिप्तच्या तिकिटावरचे 'मिस्र' तुम्ही सहज वाचाल. मराठी येते, म्हणून नेपाळच्या तिकिटावरचे 'नेपाल' ओळखाल. इंग्रजी अक्षरे जुळवून 'हेल्वेशिया' वाचाल आणि नकाशात हा देश शोधत बसाल. तो म्हणजे स्वित्झर्लंड! ब्रिटनच्या तिकिटावर तर देशाचे नावच नसते. राजाचा किंवा राणीचा चेहरा असतो. चिकटवायचे तिकीट १८४० मध्ये प्रथम तेथेच निघाले. तेव्हा दुसऱ्या कोणत्याच देशाचे तिकीट नव्हते. मग नाव कशाला हवे?

बाजारात कोऱ्या तिकिटांची पाकिटे मिळतात. पण दुबईहून मामूंनी पाठवलेले एक पोस्टकार्ड त्यांहून मोलाचे आहे. त्यावर तारखेचा शिक्का असतो आणि आपल्या माणसाचे अक्षर असते. तिकिटासाठी असे कार्ड कापू नका. जसेच्या तसे जपून ठेवा.

आणि उत्तर अवश्य पाठवा. भारताने १९६९ मध्ये मिर्झा गालिब यांचे तिकीट काढले होते. आपल्या तिकिटांवर कोण आहे, हे दूरच्या मित्राला तुम्हीच सांगितले पाहिजे. जो पत्र लिहीत नाही, त्याच्या दारी पत्र येणार कोठून?