एकाच शब्दात सांगा

समजा, तुमच्या मनात 'समुद्र' हा शब्द आहे. शेजारी बसलेल्या मित्राने तो ओळखायचा आहे. त्याला मदत म्हणून तुम्ही फक्त एक शब्द सांगू शकता. हातवारे करायचे नाहीत, चित्र काढायचे नाही आणि 'समुद्र' या शब्दाचा कोणताही भाग तोंडातून बाहेर पडता कामा नये. तुम्ही कोणता शब्द सांगाल?

'पाणी' म्हणालात, तर मित्र नदी, विहीर, तहान, पाऊस असे काहीही म्हणेल. 'मीठ' म्हणालात, तर तो बहुधा स्वयंपाकघरात जाऊन पोहोचेल. 'लाट' म्हणालात, तर मात्र काम सोपे होईल. गंमत अशी की 'लाट' हा शब्द 'पाणी' या शब्दापेक्षा कठीण नाही. तो फक्त योग्य ठिकाणी नेऊन सोडतो.

हाच खेळ अमेरिकेतील लोकांनी दूरचित्रवाणीवर अनेक वर्षे आवडीने पाहिला. त्याचे नाव 'पासवर्ड', म्हणजे परवलीचा शब्द. २ ऑक्टोबर १९६१ रोजी तो सी.बी.एस. या वाहिनीवर सुरू झाला. बॉब स्टुअर्ट नावाच्या गृहस्थांनी तो तयार केला होता. ॲलन लडन हे त्याचे सूत्रसंचालक होते. ते इंग्रजी विषयात एम.ए. झालेले होते. चश्मा लावलेला हा हसतमुख माणूस सूत्रसंचालकापेक्षा शिक्षकच अधिक वाटे.

खेळात दोन जोड्या असत. प्रत्येक जोडीत एक साधा स्पर्धक आणि एक नामवंत व्यक्ती, बहुधा नट किंवा नटी. जोडीतील एकाला गुप्त शब्द दाखवला जाई आणि तो आपल्या जोडीदाराला एक शब्द सांगे. पहिल्याच प्रयत्नात उत्तर आले तर दहा गुण मिळत. नाही आले तर पाळी दुसऱ्या जोडीकडे जाई; आता नऊ गुण, मग आठ, मग सात. शब्द दोन्ही जोड्यांना तोच असे. म्हणून समोरच्या जोडीने दिलेला इशारा आणि तिने केलेली चूक, दोन्ही नीट ऐकावी लागत. ज्याचे लक्ष फक्त आपल्या पाळीकडे असे, तो मागे पडे. प्रथम पंचवीस गुण मिळवणारी जोडी जिंके आणि मग तिला एका मिनिटात पाच शब्द ओळखण्याची संधी मिळे. या शेवटच्या फेरीत प्रत्येक शब्दाला पन्नास डॉलर, म्हणजे फार तर अडीचशे डॉलर मिळत.

आवाजाचाही येथे उपयोग होई. 'ऊन' हा शब्द सरळ म्हटला तर ऐकणारा 'सूर्य' म्हणेल. पण 'ऊन...' असा स्वर लांबवून, वाक्य अर्धे सोडल्यासारखा म्हटला, तर तो 'पाऊस' म्हणेल. 'धन...' म्हटले की 'दौलत' आलेच. लिहिलेल्या शब्दात ही सोय नाही.

आता या खेळाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगतो. गुप्त शब्द घरी बसलेल्या प्रेक्षकाला आधीच माहीत असे. तो पडद्यावर दिसे आणि एक आवाज तो हळूच, कानात सांगावा तसा सांगे. आपल्याकडे २००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, ते तुम्ही पाहिले असेल. तेथे प्रश्न आला की आपणही उत्तर शोधतो. 'पासवर्ड'मध्ये प्रेक्षकाला शोधायचे काही नव्हते. त्याला उत्तर ठाऊक होते, आणि समोरच्या माणसाला ते का सुचत नाही, हे पाहत तो अस्वस्थ होऊन बसे. "अहो, इतके सोपे आहे!" असे तो घरातून ओरडे.

पण ते सोपे नसते. आपल्याला उत्तर माहीत असते, म्हणूनच ते सोपे वाटते. १९९० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसऱ्यांनी ऐकून गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटले होते की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणे वाजत होते. ऐकणाऱ्याला केवळ टकटक ऐकू येत होती. हा प्रयोग तुम्ही बाकावर आजच करून पाहू शकता. मित्रावर रागवू मात्र नका.

फार शिकलेल्या माणसाचीही येथे कशी फजिती होते, हे अमेरिकेतील एका विनोदी मालिकेने दाखवले. मालिकेचे नाव 'द ऑड कपल'. एका घरात राहणारे ऑस्कर आणि फेलिक्स हे दोन मित्र तिचे नायक. ऑस्कर खेळांच्या बातम्या लिहिणारा, गबाळा. फेलिक्स टापटिपीचा आणि आपल्या ज्ञानाचा अभिमान बाळगणारा. १९७२ च्या एका भागात हे दोघे 'पासवर्ड' खेळायला जातात. खुद्द लडन आणि अभिनेत्री बेटी व्हाइट त्या भागात आपापल्या नावानेच काम करतात. गुप्त शब्द असतो 'पक्षी'. फेलिक्स मोठ्या आत्मविश्वासाने इशारा देतो, 'ॲरिस्टोफेनिस'. ॲरिस्टोफेनिस हा प्राचीन ग्रीक नाटककार. त्याने 'पक्षी' नावाचे नाटक लिहिले आहे. फेलिक्सची माहिती अगदी बरोबर आहे. पण बिचाऱ्या ऑस्करला ती कोठून असणार? 'चिमणी' म्हटले असते तर काम झाले असते. ज्ञान खरे असूनही जोडीदारापर्यंत पोहोचत नसेल, तर त्याला या खेळात शून्य गुण.

नामवंतांचे काय? काही लोक म्हणत की नटनट्यांना पाहण्यासाठीच हा कार्यक्रम चालतो. त्यात थोडे तथ्य आहे. ल्युसिल बॉल आणि जेम्स स्टुअर्ट यांच्यासारखे कलावंत या टेबलाशी बसले. बेटी व्हाइट १९६१ मध्येच पाहुणी म्हणून आली, आणि १९६३ मध्ये तिने सूत्रसंचालक लडन यांच्याशी लग्न केले! पण मला वाटते, लोक या कलावंतांना वेगळ्या कारणाने पाहत असावेत. नाटकात नटाचे संवाद दुसऱ्याने लिहिलेले असतात. येथे लिहिलेले काहीच नसे. मोठी नटी आणि साधा स्पर्धक समोरासमोर बसत, आणि शब्द अडला की प्रसिद्धीचा काडीचाही उपयोग होत नसे. एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. स्पर्धकाच्या नशिबी मंद जोडीदार आला, तर त्याचे पैसे दुसऱ्याच्या चुकीमुळे बुडत. हा अन्याय खराच. त्याच बॉब स्टुअर्ट यांनी १९७३ साली 'पिरॅमिड' नावाचा दुसरा शब्दखेळ काढला. त्यात पुढच्या डावात स्पर्धकांच्या जोड्या बदलत, म्हणून हा दोष थोडा कमी झाला.

'पिरॅमिड'च्या अंतिम फेरीत शब्द नव्हे, तर गट ओळखायचा असे. गुप्त उत्तर 'गोल वस्तू' असेल, तर सांगणाऱ्याने फक्त नावे घ्यायची: चेंडू, चंद्र, बांगडी. 'गोल' म्हणायचे नाही, वर्णन करायचे नाही, हातही हलवायचे नाहीत. साठ सेकंदांत असे सहा गट. बिली क्रिस्टल या विनोदी नटाने १९७७ मध्ये आपल्या जोडीदारासह हे काम २६ सेकंदांत केले होते. तुम्हाला घाई असेल तर घड्याळ लावून एकच गट करून पाहा.

पैशाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. 'पासवर्ड'ची बक्षिसे लहान होती, त्याचा संबंध आधीच्या एका लाजिरवाण्या प्रकरणाशी लावता येतो. १९५५ नंतर अमेरिकेत मोठमोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषा गाजू लागल्या. 'ट्वेंटी-वन' नावाच्या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन हे महाविद्यालयीन अध्यापक १,२९,००० डॉलर जिंकून देशभर प्रसिद्ध झाले. पुढे उघड झाले की उत्तरे त्यांना आधीच दिली जात होती. नोव्हेंबर १९५९ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्यांनी हे कबूल केले. १९६० मध्ये अशी लबाडी हा कायद्याने गुन्हा ठरला. लोकांचा विश्वास उडालेला असताना 'पासवर्ड' आला. अडीचशे डॉलरसाठी कोण लबाडी करील? शिवाय येथे उत्तर लपवलेलेच नव्हते. ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

नंतर हे भान राहिले नाही. 'पिरॅमिड'च्या नावातच रक्कम असे: १९७३ मध्ये दहा हजार डॉलर, १९८५ मध्ये एक लाख. २००८ मध्ये 'पासवर्ड'ही दहा लाख डॉलरचे बक्षीस घेऊन आला आणि पुढच्याच वर्षी बंद पडला. रक्कम वाढल्यामुळेच तो बंद पडला असे मी म्हणणार नाही. पण लहान रकमेच्या खेळात माणसे हसत चुकतात. मोठ्या रकमेच्या खेळात ती घाबरून चुकतात. पहिली चूक पाहायला बरी वाटते. २०२२ मध्ये एन.बी.सी. वाहिनीवर हा खेळ पुन्हा सुरू झाला. साठ वर्षांनंतरही एका शब्दाची ओढ संपलेली नाही.

हे सारे मी तुम्हालाच का सांगतो आहे? कारण उर्दू माध्यमात शिकून मराठी बोलणारा विद्यार्थी दररोज हाच खेळ खेळत असतो. आजीला घेऊन तुम्ही दवाखान्यात गेला आहात. तिला 'मतली' होते आहे, पण त्यासाठी मराठी शब्द आठवत नाही. अनेक मुले येथे गप्प बसतात. चुकीचा शब्द तोंडून गेला तर लोक हसतील, ही भीती असते. पण तुम्ही म्हणालात, "उलटी होत नाही, पण होईल असे वाटते", तर डॉक्टर लगेच विचारतील, "मळमळते का?" झाले! पुढच्या वेळी तो शब्द तुमचाच.

तुमच्याजवळ भांडवल कमी नाही. बाजार, वकील, इमारत, जमीन, तारीख, हिशोब असे शेकडो शब्द दोन्ही भाषांत आहेत. मात्र काही शब्द फसवे असतात. उर्दूत 'हैरान' म्हणजे चकित झालेला. मराठीत 'हैराण' म्हणजे त्रासून गेलेला. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, मराठीत आक्षेप. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे. मराठीत खालच्या बाजूला. 'कायदा' तर तुम्ही पहिल्या इयत्तेतच हातात धरला होता, अक्षरे शिकण्यासाठी! मराठी माणूस तो शब्द ऐकून न्यायालयाचा विचार करतो. येथे कोणाचाही शब्द खोटा नाही. फक्त बोलणाऱ्याने समोरच्याच्या कानाने ऐकले पाहिजे.

आणि समोरच्यानेही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नेहमी शिकणाऱ्यालाच दोष दिला जातो. 'पासवर्ड'मध्ये गुण एकट्याला मिळत नसत. सांगणारा आणि ओळखणारा दोघे मिळून जिंकत किंवा हरत. तुमच्या तोंडून 'माझा शाळा' असे गेले आणि कोणी हसला, तर तुम्ही व्याकरणात चुकलात हे खरे. पण अर्थ कळूनही जो हसत बसतो, तो वाईट जोडीदार आहे. अशा वेळी त्याला उलट उत्तर देत बसू नका. 'माझी शाळा' म्हणा आणि पुढचे वाक्य बोला.

वर्गात हा खेळ खेळायला चार मुले आणि कागदाच्या वीस चिठ्ठ्या पुरेत. कागदावर मराठी शब्द लिहा, इशाराही मराठीतच द्या. जवळच्या मराठी शाळेतील दोघे मिळाले तर फार उत्तम. प्रत्येक जोडीत एक तुमचा, एक त्यांचा घ्या. सुरुवातीला पाऊस, टोपी, रेल्वे, आंबा असे शब्द असू द्या. 'हैराण' आणि 'हरकत' यांच्या चिठ्ठ्या तळाशी ठेवा. त्या निघतील तेव्हा थोडा गोंधळ होईल, वाद होईल, आणि शिक्षकांना पंच म्हणून बोलवावे लागेल.